स्काउट पथकात सोपानांच्या नोंदी सांभाळायचं काम घेतलंय, अनुभवी मंडळींनी बोला

बालाघाटी · रविवार, रात्री 9.35

मंडळी, राम राम. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं खत-बियाणांचं दुकान आहे. पोरगा सातवीला, शाळेच्या स्काउट पथकात. गेल्या बुधवारी 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन झालं, पथकानं संचलन केलं. पेढे वाटून झाल्यावर स्काउट मास्टर सर मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही लहानपणी स्काउट होतात ना? एक मदत करा. शिकवायचं मी बघतो. पण कोणतं लेकरू कोणत्या सोपानावर आहे, कुणाची कोणती चाचणी राहिली, कुणाचा फॉर्म कधी भरायचा, हे बघायला मला वेळच उरत नाही. नववी-दहावीचं गणित, त्यात मतदार यादीचं काम." मी तिथल्या तिथं हो म्हणालो. पगार नाही, मानधन नाही आणि नकोही आहे.

ज्यांना ही शिडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. एका पायरीवरून दुसरीवर जायला ठरावीक महिने जावे लागतात आणि प्रत्येक पायरीला चाचण्या असतात. गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, चूल पेटवणं, स्वयंपाक, हाइक, सेवेची कामं. सुरुवातीच्या चाचण्या पथकातच होतात, पुढच्या स्थानिक आणि जिल्हा पातळीवर, राज्य पुरस्काराची राज्य संस्थेकडून आणि राष्ट्रपती पुरस्काराची राष्ट्रीय मुख्यालयाकडून.

आमच्याकडं 24 मुलं आहेत, सहा-सहाचे चार संघ. चार दिवस रोज संध्याकाळी सगळ्यांची प्रगती कार्डं आणि लॉगबुकं घेऊन बसलो. दोन गोष्टी दिसल्या, त्या मनातून जाईनात.

पहिली. एका मुलाच्या कार्डावर द्वितीय सोपानापर्यंत सगळ्या सह्या आहेत, तारखा आहेत. त्याला मी सहज दोरी दिली आणि म्हटलं, रीफ नॉट बांधून दाखव. त्यानं डावं टोक उजव्यावर घेतलं आणि दुसऱ्यांदा परत डावंच उजव्यावर घेतलं. झाली ग्रॅनी. मी दोन्हीकडून ओढली तर सरकत सरकत सुटून आली. लेकरू माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. त्याला वाटत होतं की बरोबर बांधलीय, कारण आजवर कुणी ती ओढूनच बघितली नव्हती.

दुसरी. एका मुलाचं कार्डच नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आईवडलांबरोबर ऊसतोडीला जातो, गुढीपाडव्याच्या आसपास परत येतो. दोन वर्षांपासून पथकात आहे पण कागदावर अजून 'प्रवेश'च. त्याच्या हातात दोरी दिली तर त्यानं बघता बघता खांबाला क्लोव्ह हिच घातली. म्हटलं, कुणी शिकवली? म्हणाला, "बैल असाच बांधतेत की." मग लाकूड ओढायची टिंबर हिच, विहिरीत माणूस सोडायची बोलाईन. नावं एकाचंही माहीत नाही, पण गाठ एकही चुकली नाही.

हे बघून मला माझं आठवलं. मी नववीला असताना माझं तृतीय सोपान झालेलं होतं. राज्य पुरस्काराच्या शिबिराला जायचं म्हणून आईनं खाकी शर्ट नवीन शिवून घेतला होता. आमच्या शाळेतून फॉर्म गेलेच नाहीत, कपाटात राहिले. विचारलं तर "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी दहावी. तो शर्ट मी कॉलेजला घातला. राग आता राहिला नाही, पण आपल्या पथकातल्या एकाही लेकराचं मोठ्या माणसाच्या विसरभोळेपणामुळं असं होऊ द्यायचं नाही, हे मात्र पक्कं ठरवलंय.

आता विचारतो. सह्या आहेत पण येत नाही, अशा मुलांचं काय करायचं? ऊसतोडीला जाणारी सात मुलं आहेत आमच्याकडं, दसरा दहा-बारा दिवसांवर आलाय, त्यांचं कसं करायचं? आणि या कामात माझा हात कुठपर्यंत जावा?

जालनेकर · रविवार, रात्री 10.10

चांगलं काम घेतलंत. माझी मुलगी गाइडमध्ये आहे, आठवीला. एक विचारू का? दहावीला सवलतीचे गुण मिळतात त्यासाठी राज्य पुरस्कार कधीपर्यंत व्हायला पाहिजे? आमच्याकडं पालक सगळे हेच विचारायलेत.

पूर्णाकाठ · रविवार, रात्री 10.50

परभणी जिल्ह्यात गाइड कॅप्टन म्हणून बरीच वर्षं काम करते. बालाघाटी दादा, आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण त्यात गडबड झाली की बाकी सगळं बिघडतं.

सही तुमची नाही. चाचणी घेऊन सही करायचा अधिकार वॉरंट (संस्थेचं नेमणूकपत्र) असलेल्या स्काउट मास्तरांचा किंवा नेमलेल्या परीक्षकाचा. तुम्ही नोंद ठेवणारे. आठवण करून देणारे. हे दोन हात वेगळे राहिले तर दोन्ही हात स्वच्छ राहतात. तुमचा स्वतःचा मुलगा पथकात आहे, म्हणून तर हे जास्तच जपा. उद्या त्याचं सोपान लवकर झालं तर गावात बोलणारे बोलतील आणि ऐकावं लागेल त्या लेकराला.

दुसरं, एकट्या मुलाला बाजूला घेऊन कधी काही तपासायचं नाही. नेहमी दोन मोठी माणसं, मैदानावर, सगळ्यांसमोर. तुम्ही चांगले आहात म्हणून नव्हे, नियमच तसा पाहिजे.

तिसरं, जमलं तर स्वतः स्काउट मास्तरांच्या प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स करून घ्या. पुढं अॅडव्हान्स्ड आणि हिमालय वूड बॅजपर्यंत जाता येतं. लाकडाचे ते दोन मणी गळ्यात पडल्यावर आपण मोठे होत नाही, पण लेकरांच्या जागी बसून चूल फुंकलेली असते, त्यामुळं चाचणी म्हणजे काय ते अंगात भिनतं.

जालनेकर दादा, गुणांचं विचारणं चूक नाही, गरिबाच्या लेकराला ते उपयोगी पडतात. पण दहावीच्या वर्षात धावपळ करून काही होत नाही. प्रत्येक सोपानामधले महिने मोजूनच जावं लागतं. मुलगी आठवीला आहे ना, मग आज तिचं कार्ड मागून घ्या आणि ती कोणत्या पायरीवर आहे ते बघा. बहुतेक घरांमध्ये आईवडलांना हेच माहीत नसतं.

तेरणा · सोमवार, सकाळी 6.20

मूळ धाराशिवचा, पंधरा वर्षांपासून अमेरिकेत. माझा मुलगा इथल्या स्काउटिंगमध्ये आहे. तुम्ही जे काम घेतलंय त्याला इथं ठरलेलं पद आहे. पथकाच्या समितीत एक पालक स्वयंसेवक फक्त बढतीच्या नोंदी बघतो. त्याला अॅडव्हान्समेंट कोऑर्डिनेटर म्हणतात. दोन वर्षं मीच ते केलं.

इथली शिडी वेगळी आहे. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि शेवटी ईगल. ईगलसाठी 21 मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले), एक मोठं सेवाकार्य, आणि सगळं 18 वर्षांचा होण्याआधी. 1912 पासून हा मान दिला जातो. संस्थेचं नाव 2025 मध्ये बदलून स्काउटिंग अमेरिका झालं, पण पद्धत तीच.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार पटल्या. पहिली, अटींमध्ये कुणीही आपल्या मनानं वाढ करायची नाही आणि सूटही द्यायची नाही. ना मास्तरांनी, ना समितीनं. दुसरी म्हणजे बोर्ड ऑफ रिव्ह्यू. पायरी पूर्ण झाल्यावर तीन ते सहा मोठी माणसं मुलाशी बसून बोलतात. त्यात त्याचे आईवडील नसतात आणि त्याचे स्काउट मास्तरही नसतात. तिथं परीक्षा परत घेत नाहीत. एकदा सही झाली की झाली. 'काय शिकलास, काय अवघड गेलं, पथकात कसं चाललंय' एवढंच विचारतात. मुलांचं बोलणं ऐकून पथकात कुठं पाणी मुरतंय ते मोठ्यांना कळतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत असं, की झालेली सही काढून घेऊ नका. चूक सही करणाऱ्याची आहे, मुलाची नाही.

पूर्णाकाठ · सोमवार, सकाळी 8.05

तेरणा दादा, सही काढून घेऊ नये हे मलाही पटतं. पण आपल्याकडं एक फरक आहे. राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरात बाहेरचे परीक्षक असतात आणि ते पहिल्या गाठीपासून विचारतात. तिथं कार्ड दाखवून भागत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी रडलेली आहे. गावाकडून गणवेश, स्कार्फ, वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) सगळं नीटनेटकं घालून आली होती, कार्ड भरलेलं. परीक्षक ताईंनी त्रिकोणी पट्टी देऊन हाताची झोळी बांध म्हटलं, तर तिनं पट्टी आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरलेली. तिच्या कॅप्टननं तिच्यावर उपकार म्हणून सह्या केल्या होत्या. तो उपकार तिला त्या दिवशी फेडावा लागला.

त्यामुळं सही राहू द्या, पण शिबिराआधी ते येईल याची जबाबदारी आपली.

निवृत्त_मास्तर · सोमवार, दुपारी 1.30

मी लातूर जिल्ह्यातला. तीस वर्षं प्राथमिक आणि माध्यमिकला शिकवलं, स्काउट पथक बावीस वर्षं चालवलं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून वाचतो फक्त. पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

बालाघाटी, त्या रीफ नॉटवाल्या पोराला परत चाचणीला बसवू नका. त्याला सांगा, "पुढच्या रविवारी नवीन आलेल्या चार पोरांना रीफ नॉट तू शिकवायची." एवढंच. आठवडाभर तो घरी खाटेच्या पायाला दोरी बांधून बसेल. मी हे कितीदा केलंय. लाज वाटू न देता शिकवायचा याच्यापेक्षा सोपा रस्ता मला सापडला नाही. आणि शिकवताना त्याला सांगा की ही गाठ पट्टीला का वापरतात: सपाट बसते, जखमी माणसाला टोचत नाही आणि सोडायची म्हटली की पटकन सुटते. कारण कळलं की हात चुकत नाही.

संघपद्धत विसरू नका. 1907 साली बेडन-पॉवेलनं ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही वीसेक मुलं आणि चारच संघ होते. बड्या शाळांतली पोरं आणि कष्टकऱ्यांची पोरं मुद्दाम एकत्र केलेली. तुमच्या त्या बैल बांधणाऱ्या पोराला ज्याच्या कार्डावर सह्या आहेत त्याच्या संघात टाका. एकाला नावं माहीत आहेत, दुसऱ्याला गाठी.

चाचणी म्हणजे घोकंपट्टी नव्हे, हेही सरांच्या कानावर घाला. उंचीचा अंदाज घ्यायची चाचणी आम्ही सहलीत दौलताबादला घेतली होती. चांद मिनार सुमारे 210 फूट. पोरांनी काठी उभी केली, काठीची सावली मोजली, मिनाराची सावली मोजली, त्रैराशिक मांडलं. एका संघाचं उत्तर 190 च्या आसपास आलं. मी पास केलं. मिनाराच्या बुडापासून सावली मोजायची राहिली होती, ते त्यांनीच शोधून काढलं. दुसऱ्या संघानं बरोबर 210 सांगितलं, फलकावर वाचून. त्यांना परत मोजायला लावलं.

आणि एक गोष्ट सांगतो, ती आजवर लिहिली नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते, चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं गाव किल्लारीपासून लांब, आमच्याकडं भिंतींना तडे गेले तेवढंच. उजाडल्यावर बातम्या आल्या, दुपारी आम्ही ट्रॅक्टरनं निघालो. माझ्याबरोबर दहावी होऊन गेलेली तीन पोरं होती, जुनी स्काउट. तिथं स्ट्रेचर कुठून आणणार? त्या पोरांनी दोन बांबू घेतले, तीन शर्ट काढले, बटणं लावून बाह्या आत ओढल्या आणि बांबू घातले. मी सांगितलं नाही, त्यांनी मला विचारलंही नाही. त्यांच्या कार्डावर त्या चाचणीपुढं सही माझी होती. त्या दिवसानंतर सही करताना माझा हात प्रत्येक वेळी थांबायचा.

पऱ्हाटी · सोमवार, रात्री 8.45

गुरुजी, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी संभाजीनगरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यातून गाइड होते, राज्य पुरस्कार झाला माझा. त्याआधीच्या चाचणी शिबिरातली चूल अजून आठवते. दोनच काड्यांत पेटवायची होती. रात्री पाऊस पडून गेलेला, लाकडं ओली. बाकीच्या मुली कागद शोधत होत्या. माझ्या आजीनं बजावलं होतं, "पऱ्हाटीची साल सोल, आतलं कोरडं असतंय." मी शिबिराच्या कुंपणापलीकडून पऱ्हाट्या आणल्या, बारीक मोडल्या, खाली तुराटीचे तुकडे उभे रचले, आत वारा जायला फट ठेवली. पहिली काडी विझली. दुसरीला मी श्वास रोखून बसले. पेटली. परीक्षक ताईंनी काही शाबासकी दिली नाही. खाली बसल्या, हात शेकले आणि म्हणाल्या, "चहा ठेव." मला त्याच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्र परत मिळालं नाही.

सांगायचं हे की मुलांच्या घरात जे ज्ञान आहे त्याला चाचणीत जागा द्या. पण प्रथमोपचारात मात्र घरचं ज्ञान तपासून घ्या. साप चावल्यावर दोरीनं आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, हे अजून चालतं आपल्याकडं. घोणस, मण्यार, नाग, फुरसं, सगळे आपल्या शेतात आहेत. मुलांना हेच पक्कं करा: चावलेल्याला चालवायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-कडं काढून घ्यायचं, धीर द्यायचा आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. आणि जलसंजीवनी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. प्रत्येक मुलाकडून स्वतःच्या हातानं करून घ्या. पाठ म्हणून दाखवणारी मुलं साखरेच्या जागी मीठ सांगतात, आणि ते घातक आहे.

तारखेची सुट्टी मिळाली तर मी एक दिवस येऊन हे घेऊ शकते.

कोयता_ते_खडू · सोमवार, रात्री 11.15

बालाघाटी भाऊ, तुमच्या धाग्यावर मी दिवसभर लिहायचं टाळलं. पण आता लिहितोच. तुमचं ते कार्ड नसलेलं लेकरू म्हणजे मी.

माझे आईवडील पंचवीस वर्षं कोयत्यावर गेले. मुकादमाची उचल घेतलेली असायची, न जाऊन चालायचं नाही. पाचवीपासून आठवीपर्यंत मी दरवर्षी दिवाळीला शाळा सोडली. फडावर पहाटे चारला उठायचं, आई-बाप तोडायचे, मी मोळ्या बांधायचो. उसाच्याच वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधतात, ती गाडीत फेकली तरी सुटत नाही. धाकटीला सांभाळायचं, तीन दगडांवर भाकरी-कालवण करायचं. कोपीवर वाढं टाकून छप्पर शाकारायचं. नंतर मी शिक्षक झालो आणि स्काउटचा बेसिक कोर्स केला. तिथं तंबू, गॅजेट (काठ्या-दोरीनं बांधलेली शिबिरातली साधनं), स्वयंपाक, गाठी शिकवायला लागले तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. द्वितीय सोपानातलं निम्मं मी दहाव्या वर्षी करत होतो. आणि शाळेच्या पटावर माझ्या नावापुढं 'सतत गैरहजर'.

म्हणून त्या सात लेकरांसाठी काही सांगतो. आधी बघा की त्यातली किती मागं राहू शकतात. गावात हंगामी वसतिगृह चालू होणार असेल तर मुख्याध्यापकांना आत्ताच गाठा, पालकांशी बोला. आजी-आजोबा घरी असतील तर तेही बघा. लेकरू शाळेत राहणं हे सोपानापेक्षा कितीतरी मोठं आहे. स्काउटचा गणवेश हे त्याला थांबवायचं एक निमित्त होऊ शकतं, मी तसं होताना पाहिलंय.

जी जाणारच आहेत त्यांचं लॉगबुक त्यांच्याबरोबर द्या. शाळेच्या कपाटात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोरी बांधून. आणि काय लिहायचं ते सांगून पाठवा: आज काय शिजवलं, कुणाला मदत केली, कोणती गाठ कशाला वापरली, सूर्य कुठून उगवला आणि कारखान्याची चिमणी कोणत्या दिशेला दिसते. चित्र काढलं तरी चालेल. परत आल्यावर सरांनी ते वाचून, करून घेऊन, मगच सही करावी. फुकट सही अजिबात नको. आमच्या लेकरांना दया दाखवली की ती ओळखतात लगेच.

पण एक जपा. फडावरच्या कष्टाला बालमजुरीच म्हणायचं. त्याच्यावर चाचणीचं लेबल लावून ते गोड करू नका. लेकराला जे येतं त्याचा मान ठेवा, ते त्याला करावं लागतं याचा अभिमान बाळगू नका. ही रेघ बारीक आहे, पण ती पुसू देऊ नका.

बालाघाटी · मंगळवार, सकाळी 7.10

कोयता_ते_खडू भाऊ, तुमचं लिहिलेलं मी दुकान उघडायच्या आधी दोनदा वाचलं. शेवटचं जे लिहिलंत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्या लेकराचं कौतुक सगळ्या पथकासमोर करणार होतो, "बघा, बैल बांधून बांधून शिकला" म्हणून. आता तसं बोलणार नाही. गाठीचं कौतुक करीन.

आज सरांना भेटतो आणि एवढं ठरवून घेतो. नोंदवही एकच राहील, पण तिची एक प्रत प्रत्येक लेकराच्या घरी जाईल, आईवडलांना वाचता येत नसेल तर समजावून सांगून. कपाटातला कागद म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. माझ्या मुलाच्या चाचण्या मी बघणारच नाही, त्याची नोंदही दुसऱ्या पालकानं ठेवायची. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, दिवसभराची चाचणी ठेवू. सकाळी अंबाजोगाईजवळ मुकुंदराजाच्या समाधीच्या डोंगरावर हाइक, तिथंच चूल आणि गाठी. सात जणांना प्रथम सोपानाला पुरतं बसवायचं. होतील ते होतील. ज्यांचं राहील त्यांचं नेमकं काय राहिलं ते त्यांच्याच लॉगबुकात लिहून देऊ, म्हणजे पाडव्याला आल्यावर परत पहिल्यापासून सुरू करायला नको.

रविवारी सोयाबीन काढणी असंल तर निम्मी पोरं रानात असतील, ती एक अडचण आहे. मी घरोघर जाऊन एका दिवसाचं मागून बघतो.

आणि 7 नोव्हेंबरचा स्थापना दिन येतोय. 1950 ला याच दिवशी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली, त्या दिवशी ध्वज-स्टिकर विकायचे असतात. तोवर ही सात जण इथं नसतील. पण खरी कमाईचं (स्काउटनं स्वतःच्या कष्टानं पैसे मिळवायचे, त्याचं) काही त्यांच्या वाट्याला यावं म्हणून दसऱ्याच्या बाजारात आपट्याच्या पानांचा आणि ताकाचा एक स्टॉल लावायचा विचार आहे. त्यातून दोऱ्या आणि सात लॉगबुकं घेऊ.

जालनेकर · मंगळवार, सकाळी 9.00

काल रात्री मुलीचं कार्ड मागितलं. द्वितीय सोपान झालंय. पण तिला होकायंत्राच्या 16 दिशा येत नाहीत, आठच येतात. काल आम्ही दोघं गच्चीवर बसून उरलेल्या आठ केल्या. मी पहिल्यांदा तिच्या स्काउटिंगमध्ये काहीतरी केलं. गुणांचं नंतर बघू.

तेरणा · मंगळवार, सकाळी 10.30

बालाघाटी, माझ्या मुलाच्या पथकात आता फोनवरचं होकायंत्र वापरतात, जुने हातातले सात-आठ कंपास पडून आहेत. डिसेंबरात गावी येतोय, घेऊन येईन. दसऱ्याला पोचणार नाहीत, पाडव्याला उपयोगी पडतील.

निवृत्त_मास्तर · मंगळवार, दुपारी 12.20

तोपर्यंत पोरांना घड्याळावरून दिशा काढायला शिकवा. तास काटा सूर्याकडं धरायचा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. फडावर घड्याळ नसलं तर काठीच्या सावलीवरून. दुपारच्या सावलीत आखूड होत जाणारी सावली जिथं थांबते ती उत्तर, दगड ठेवून बघायला लावा.

पूर्णाकाठ · मंगळवार, रात्री 9.15

दसऱ्यानंतरचा तो रविवार मला चालतो. आमच्या गाइड कंपनीतल्या, म्हणजे पथकातल्या, चार मोठ्या मुली पण येतील, त्यांना लहानांना शिकवायचा सराव होईल. दादा, फक्त मुलींसाठी आडोशाची आणि पाण्याची सोय आधी बघून ठेवा, आणि तुमच्याकडच्या एखाद्या बाईमाणसाला बरोबर घ्या. त्रिकोणी पट्ट्या मी आणते. पऱ्हाटी ताई, तुम्हाला सुट्टी मिळाली का?

पऱ्हाटी · मंगळवार, रात्री 10.40

मिळाली. शनिवारी रात्रपाळी आहे, सकाळच्या पहिल्या बसनं निघते. साखर-मीठ मी आणीन, चमचे तुम्ही बघा, सगळे एकाच मापाचे पाहिजेत.